डब्यातला मासा आणि वहाळातला मासा

पाऊस ओसरून खाचरांतील पाणी निवळू लागले, की कोकणात काम करणाऱ्या आम्हां कृषी खात्याच्या माणसांना एक प्रश्न हटकून विचारला जातो. वास्तविक हा प्रश्न आरोग्य खात्याच्या कक्षेतला. परंतु गावकऱ्यांच्या दृष्टीने सरकारी माणूस तो सरकारी माणूस. भाताच्या वाणाची चौकशी करता करता ते सहज विचारतात, "साहेब, यंदा गप्पी मासे कधी येणार?" गप्पी म्हणजे डासांच्या अळ्या खाणारे इवलेसे परदेशी मासे. आरोग्य केंद्राच्या टाकीतून ते डब्यात किंवा पिशवीत भरून गावोगाव नेले जातात आणि विहीर, हौद, डबके, प्रसंगी वाहता वहाळसुद्धा, जेथे पाणी दिसेल तेथे सोडले जातात.

ह्या प्रश्नाला मी अलीकडे उलट प्रश्न विचारू लागलो आहे : "तुमच्या वहाळात डोक्यावर चमकता ठिपका असलेला मासा अजून दिसतो का?" बहुतेक ठिकाणी उत्तर येते, "दिसतो की!" मग डबा कशासाठी हवा, हे मला उमगत नाही. आणि ज्या गावी "पूर्वी दिसायचा, आता नाही" असे उत्तर येते, त्या गावाची मला अधिक चिंता वाटते. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींपुढे आणि शेतकरी बांधवांपुढे ह्या विषयासंबंधीचे माझे मत मांडावे, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

ज्या माशाविषयी मी बोलतो आहे, त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस असे आहे. मराठी मत्स्यसूचींत तो 'पिकू' ह्या नावाने नोंदलेला आढळतो. गावोगावी मात्र त्याला निरनिराळी नावे आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी तर 'बारकी मासळी' ह्यापलीकडे त्याला नावच नाही. केरळात त्याला व त्याच्या भाईबंदांना 'मानत्तुकण्णी', म्हणजे आकाशाकडे डोळा लावलेला, असे मोठे समर्पक नाव आहे. त्याच्या माथ्यावरील चमकणारा ठिपका वरून पाहणाऱ्यास तिसऱ्या डोळ्यासारखा भासतो. सकाळच्या प्रहरी वहाळाच्या काठी स्तब्ध उभे राहावे. पाण्यावर झुकलेल्या गवताच्या सावलीत असे चार-सहा ठिपके तरंगताना दिसतात. माणसाची सावली पडताच ते क्षणात दिसेनासे होतात आणि थोड्याच वेळात पुन्हा जागच्या जागी येतात.

हा मासा सामान्यतः बोटाएवढा असतो. फार वाढला तर दहा सेंटिमीटर. पाठ सपाट, तोंड वरच्या बाजूस वळलेले, पाठीवरचा पर शेपटीजवळ सरकलेला. अंगावर सोनेरी-हिरवट चकाकीच्या ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि मादीच्या अंगावर काळसर उभे पट्टे नरापेक्षा ठळक दिसतात. पश्चिम घाटातून समुद्राकडे धावणाऱ्या आपल्या आखूड नद्या, त्यांना मिळणारे वहाळ, गावतळी, भातखाचरे, नारळी-पोफळीच्या बागांतील पाट, इतकेच नव्हे तर खाडीजवळचे किंचित मचूळ पाणीही त्याला मानवते. फ्रेंच शास्त्रज्ञ वालांसिएन ह्यांनी १८४६ साली ह्या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, ते मुंबईहून नेलेल्या माशांवरून. म्हणजे हा मासा अस्सल आपल्या किनाऱ्याचा. त्याची एक पिवळीधमक उपजात परदेशांतील शौकीन लोक पैसे मोजून काचेच्या पेटीत बाळगतात. आपल्याकडे मात्र तो पोरांच्या बाटलीत दोन दिवस राहतो आणि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो.

आता त्याच्या उपयोगाकडे वळू. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या अ‍ॅनॉफेलीस जातीच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडून श्वास घेते. तळाशी चरणाऱ्या माशाला ती सहसा सापडत नाही. वर तोंड असलेल्या आणि पृष्ठभाग सोडून फारसा खाली न जाणाऱ्या पिकूच्या मात्र ती थेट तोंडासमोर असते. अळ्या, कोष, पाण्यावर पडलेले किडे, मुंग्या हेच त्याचे अन्न. कापणीपूर्वी खाचरात जे चवडाभर पाणी उरते, किंवा वहाळ आटताना कडेला जी डबकी सुटी पडतात, त्या उथळ जागी शिरून तो अळ्या टिपतो. मोठ्या माशाला तेथे शिरकाव नसतो.

हे ज्ञान नवे नाही. सेवेल आणि चौधरी ह्या दोघा शास्त्रज्ञांनी डासांच्या नाशास उपयोगी ठरलेल्या भारतीय माशांविषयी एक पुस्तिका लिहिली होती. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने ती १९१२ साली प्रसिद्ध केली. पिकूच्या कुळातील मासे त्या पुस्तिकेत होते. म्हणजे आपल्या देशी माशांची ही योग्यता शंभराहून अधिक वर्षे कागदावर नोंदलेली आहे. पुढे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. घरोघर डीडीटी फवारले गेले, रोग झपाट्याने हटला, आणि आता माशाबिशांची गरज नाही असे सर्वांनाच वाटू लागले. परंतु डासांना औषध पचू लागले, देखरेख सैल पडली आणि १९७६ साली देशात हिवतापाच्या रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर पोहोचली. तेव्हा माशांची आठवण पुन्हा झाली. मात्र डब्यात भरून गावोगाव गेले ते बहुतांशी परदेशी मासे.

हे परदेशी मासे दोन. पहिला गप्पी. हा दक्षिण अमेरिकेकडचा. आपल्या देशात तो १९०८ च्या सुमारास आला. त्रिनिदाद बेटावरील गप्पी नावाच्या एका गृहस्थांनी त्याचे नमुने लंडनला पाठविले, म्हणून त्याला हे नाव पडले. आपल्या 'गप्पां'शी त्याचा काही संबंध नाही, जरी चावडीवर मी हा खुलासा केला तेव्हा काही मंडळींचा थोडा हिरमोडच झाला. दुसरा गांबुशिया. हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील नद्यांचा रहिवासी, आणि तो १९२८ साली इटलीमार्गे भारतात आणला गेला. दोन्ही मासे अंडी न घालता जिवंत पिले देतात, आणि साधारण महिन्याच्या अंतराने मादीला नवी वीण होते. ह्यामुळे टाकीत त्यांची पैदास करणे अतिशय सोपे. गप्पी तर गटाराच्या घाण पाण्यातही तग धरतो. खात्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय. ज्याला जूनपूर्वी शंभर गावांत मासे पोहोचवायचे आहेत, त्याने सोपा मासा निवडला तर त्याला दोष देण्याचे कारण नाही.

परंतु हीच सोय नैसर्गिक पाण्यात आपत्ती ठरते. झपाट्याने वाढणारा प्राणी केवळ डासांच्या अळ्यांवर जगत नाही. गांबुशिया हा इतर माशांची अंडी व नुकतीच फुटलेली पिले खातो, बेडकांच्या लहान बेडकुळ्यांचे लचके तोडतो आणि आपल्याएवढ्या किंवा आपल्याहून मोठ्या माशांचे परही कुरतडतो. ऑस्ट्रेलियात डासांच्या नाशासाठीच ह्याच कुळातील मासा सोडण्यात आला होता. आज तेथे त्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होते आणि तेथील लहान देशी मासे व बेडूक ह्यांना त्याच्यापासून वाचविण्याचे प्रयत्न चालू आहेत. जगातील शंभर अतिशय उपद्रवी आक्रमक जातींची जी यादी निसर्गसंवर्धनाचे कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली आहे, तीत गांबुशियाचे नाव आहे. आपल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या आक्रमक परकीय जातींच्या यादीतही गांबुशिया व गप्पी हे दोघेही आहेत. एका हाताने यादीत घालावयाचे आणि दुसऱ्या हाताने डब्यातून वाटावयाचे, ही विसंगती माझ्यासारख्या शासकीय सेवकाने बोलून दाखवावी की नाही, ह्याचा मी बराच विचार केला. न बोलण्याने ती विसंगती नाहीशी होत नाही, म्हणून बोलतो आहे.

शिवाय ह्या प्रकरणात मी स्वतः निर्दोष नाही. कृषी पदवी घेऊन नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी दक्षिण कोकणातील एका गावी मोहिमेत मदत म्हणून मी गेलो होतो. दोन बादल्या गांबुशिया माझ्या हवाली करण्यात आले. देवळामागच्या तळीत ते सोडावे असे ठरले. तळी सुंदर होती. चिरेबंदी काठ, पायऱ्यांवर शेवाळ, आणि एका अंगाला सांडवा. तळी भरली की जादा पाणी त्या सांडव्यावरून खालच्या वहाळात उतरत असे. मी बादली कलती केली तेव्हा पायरीवर बसलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "अळये खाणारे मासे आमच्या व्हाळात आसत. तुमी ह्ये भायरचे कशाक हाडलास?" मी हसलो. त्यांना माहिती नाही, आपल्याला आहे, असे ते हसणे होते. पदवी ताजी होती.

चार वर्षांनी भातावरील तुडतुड्यांच्या पाहणीसाठी त्याच गावी जाणे झाले. तळीत गांबुशिया खच्चून भरले होते. सांडव्याखालच्या वहाळातही तेच. चमकता ठिपका शोधत मी वहाळाच्या कडेने वर चालत गेलो. अर्ध्या कोसावर कातळाची पुरुषभर उंच पायरी आहे. तिच्यावरून पाणी खाली पडते आणि खालचा मासा वर चढू शकत नाही. त्या पायरीच्या वरच्या डोहात पिकू होते. खाली एकही दिसला नाही. ह्या एका वहाळावरून मी सिद्धान्त मांडू इच्छीत नाही. त्याच चार वर्षांत तेथे दोन नवे पंप बसले होते आणि फवारणीही वाढली होती. खालच्या भागातील मासे कशामुळे गेले, हे एकट्या गांबुशियावर ढकलणे न्याय्य होणार नाही. परंतु वरच्या डोहातील आणि खालच्या डोहातील फरक मी डोळ्यांनी पाहिला, आणि ती बादली मी स्वतः ओतली होती. ते वयस्क गृहस्थ तोवर निवर्तले होते. त्यांच्यापाशी चूक कबूल करण्याची संधी गेली, ती गेलीच.

कोणी म्हणेल, देशी माशांची स्तुती ठीक आहे, पण प्रत्यक्ष रोग हटविण्यास त्यांचा उपयोग झाल्याचे उदाहरण दाखवा. उदाहरण जवळचेच, गोव्याचे आहे. १९८० नंतरच्या काळात तेथे इमारतींची बांधकामे वाढली, आणि बांधकामावरील पाण्याचे साठे, टाक्या व विहिरी ह्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनॉफेलीस स्टीफेन्सी डासामुळे हिवताप बळावला. तेव्हा हिवताप संशोधकांनी पिकूचाच धाकटा भाऊ म्हणावा असा अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी हा स्थानिक मासा टाक्या-विहिरींत सोडला आणि ज्या ठिकाणी मासा चालणार नाही तेथे जिवाणूंपासून तयार केलेले अळीनाशक वापरले. ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. अळ्याही घटल्या आणि रुग्णही घटले. ह्याचे सर्व श्रेय माशाला देता येणार नाही, कारण जोडीला अळीनाशक होते. परंतु परदेशी माशावाचून अडत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसले. गोव्यातील पाण्याचा आणि कोकणातील पाण्याचा स्वभाव एकच आहे. तेथे जे साधले, ते वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात न साधण्याचे कारण मला दिसत नाही.

पाण्याच्या ह्या स्वभावासंबंधी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सारा मुद्दा तेथे आहे. मासे वाटणाऱ्या कार्यकर्त्याला सांगितलेले असते की ते 'बंदिस्त' पाण्यातच सोडावे. सूचना योग्य आहे. परंतु कोकणात बंदिस्त पाणी दाखवा पाहू! येथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जुलैत कित्येक विहिरींचे पाणी काठाला लागते, तळ्या सांडतात, अंगणातील पाणी वाडीच्या पाणंदीतून वाहत वहाळाला मिळते. मार्चमध्ये ज्या डबक्याचा कशाशीही संबंध दिसत नाही, ते जुलैत वाशिष्ठीचे, काजळीचे किंवा कर्लीचे अंग बनलेले असते. देशावरील एखाद्या बिनसांडव्याच्या सिमेंट हौदात गप्पी सोडला तर तो बहुधा तेथेच राहील, आणि शहरातील तुंबलेल्या गटारात पिकू जगणार नाही हेही मला मान्य आहे. तेथे आरोग्य खात्याने आपल्या विवेकाने जे करावयाचे ते करावे. माझे म्हणणे कोकणातील गावाच्या पाण्यापुरते आहे. येथे डब्यातून सोडलेला मासा सोडल्या जागी राहत नाही.

आणि तो वहाळात उतरला की शेतकऱ्याच्या खाचरात येतो. मृग कोसळला म्हणजे चढणीचे मासे, ज्यांना उत्तरेकडे वलगणीचे मासे म्हणतात, ते नदीतून वहाळात आणि वहाळातून खाचरात अंडी घालण्यासाठी चढतात. मरळ, शिंगटी, खवल ह्यांची पिले भाताच्या बुडख्यात वाढतात. ह्या मासळीवर कोकणी माणसाचा किती जीव आहे, हे मी सांगावयास नको. पहिल्या पुराच्या रात्री बत्त्या घेऊन शेतात न उतरणारे घर विरळा. त्याच खाचरात अंडी व पिले खाणारा, महिन्या-महिन्याला वाढणारा पाहुणा आधीच बसलेला असेल, तर चढणीला चढलेल्या मासळीची वीण किती शिल्लक राहील, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या खाचराच्या बांधावर उभे राहून करावा. पिकूही लहान पिले टिपतो, हे मी लपवीत नाही. परंतु तो, मरळ, शिंगटी, बगळा, खंड्या आणि पाणसाप हे एकमेकांच्या ओळखीचे आहेत. कोणी कोणाला किती खावे ह्याचा त्यांचा हिशेब जुना आहे.

तथापि केवळ परदेशी माशाला नकार देऊन पिकू वाचणार नाही. त्याचा दुसरा शत्रू आमच्या खात्याच्या कक्षेत येतो, आणि तो म्हणजे फवारणी. कीटकनाशकाच्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो, त्यावरून पुष्कळ शेतकरी औषध जहाल की सौम्य हे ठरवितात. हिरवा किंवा निळा त्रिकोण पाहिला की निर्धास्त होतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तो रंग माणसाला व सस्तन प्राण्यांना औषध किती विषारी आहे, ह्यावरून ठरतो. माशांसंबंधी तो काहीही सांगत नाही. कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माणसाला त्या मानाने कमी बाधक असली तरी माशांना अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतात. फवारणीचा पंप वहाळावर धुणे ही आपल्याकडील सार्वत्रिक सवय आहे. पंपाच्या तळाशी राहिलेले थोडेसे औषध उन्हाळ्यातील आटलेल्या डोहातील सारा मासा मारण्यास पुरेसे होते. पंप बांधावरच तीन वेळा विसळावा, ते पाणी पिकावरच फवारून संपवावे, आणि फवारणी केलेल्या खाचरातील पाणी लगेच मोरीने खाली सोडू नये. हे मी सभांतून इतक्या वेळा सांगितले आहे की ऐकणारे आता माझ्याआधी वाक्य पुरे करतात. पंप तरीही वहाळावरच धुतले जातात.

तिसरा शत्रू म्हणजे मासे मारण्याचे आळशी मार्ग. पूर्वी रामेठ्याची साल किंवा गेळफळे ठेचून डोहात टाकीत. ते वर्षा-दोन वर्षांनी आणि एखाद्या डोहापुरते असे. आता कोणी ब्लीचिंग पावडर टाकतो, कोणी कीटकनाशक ओततो, कोणी विजेची तार पाण्यात सोडतो. एका रात्रीच्या कालवणासाठी डोहातील लहानथोर सर्व जीव मरतात, आणि खाली गुरे तेच पाणी पितात. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा ठरविले आहे. परंतु कायद्यापेक्षा गावाचे बंधन अधिक चालते, असा माझा अनुभव आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात व त्यांना कोणी हात लावीत नाही. मोठमोठे मासे तेथे माणसाच्या हातचे चुरमुरे खाण्यास वर येतात. देवीचे नाव नसले तरी चालेल, प्रत्येक गावाने आपल्या वहाळावरील निदान एक डोह, जो वैशाखातही आटत नाही असा, राखीव म्हणून ठरवावा. पावसाळ्यात सगळ्या खाचरांना मासे पुरविणारे बियाणे उन्हाळ्यात त्याच डोहात असते. बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी आपण शहाणा मानीत नाही.

आता ज्यांना पिकू प्रत्यक्ष पाळून विहिरीत, हौदात सोडावयाचा आहे, त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. मासे आपल्याच वहाळातील घ्यावेत, दुसऱ्या तालुक्यातून आणू नयेत. पावसाळा संपल्यावर पाणी निवळले की पातळ कापडाच्या जाळीने सकाळी पंधरा-वीस मासे धरावेत, आणि त्यांत माद्या अधिक असाव्यात. त्यांना हाताने पकडू नये. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की मासा रोगी पडतो. घरामागे सिमेंटची टाकी किंवा जुनी दगडी दोण असेल तर उत्तम. पाणी वहाळाचेच भरावे व त्यात पाणवनस्पती भरपूर टाकाव्यात. टाकीवर जाळी बांधणे अत्यावश्यक आहे. हा मासा उडी मारण्यात पटाईत असून रात्रीत टाकीबाहेर पडून मरतो. माझे पहिले आठ मासे असेच गेले, आणि शेजारच्या मांजराने ते पुरावेही ठेवले नाहीत.

मादी एका वेळी थोडी थोडी, चिकट अंडी पाणवनस्पतींना चिकटवीत जाते. साधारण दोन आठवड्यांत ती फुटतात. मोठे मासे पिलांना खातात, म्हणून दर आठवड्यास त्या वनस्पती उचलून दुसऱ्या टबात ठेवाव्यात व टाकीत नव्या घालाव्यात. गप्पीसारखी झटपट वाढ येथे होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिवाळीला आरंभ केला तर शिमग्यापर्यंत गावातील काही विहिरी-हौदांपुरते मासे होतात. ह्या कामाला धीर लागतो. विहिरीत सोडताना मासे असलेले भांडे प्रथम पाण्यावर काही वेळ तरंगत ठेवावे, म्हणजे दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी होते. अळीभक्षक माशांसाठी पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाच ते दहा मासे असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. तेच येथे धरावे. विहिरीच्या कडेचे गवत व पाण्यावरील दाट शेवाळ मात्र काढले पाहिजे, नाही तर अळ्या त्यात दडून राहतात.

पिण्याच्या विहिरीत ग्रामपंचायत नियमितपणे टीसीएल पावडर टाकते. ती टाकलीच पाहिजे. मासा वाचावा म्हणून पाण्याचे शुद्धीकरण थांबविणे हा शुद्ध वेडेपणा होईल. क्लोरीनच्या पाण्यात मासा जगत नाही, तेव्हा अशा विहिरीत तो सोडूच नये. वापरात नसलेल्या विहिरी, बागेचे हौद, गुरांच्या पाण्याच्या दोणी, बंधाऱ्यामागे तुंबलेले पाणी ह्या त्याच्या खऱ्या जागा होत. घरातील पिंप, टायर, नारळाच्या करवंट्या ह्यांत वाढणाऱ्या डेंग्यूच्या डासावर पिकू काय किंवा गप्पी काय, कोणताच मासा इलाज नाही. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करणे हाच तेथे उपाय. तसेच ज्यांनी शेततळ्यात रोहू-कटल्याचे बोटुकलीपूर्व बीज सोडले असेल, त्यांनी पिकूला तेथे शिरू देऊ नये. इवलेसे बीज त्याला अळीइतकेच प्रिय आहे.

माझ्या ओळखीच्या एका ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी गावसभेत असे ठरविले की परदेशी मासे फक्त गावाबाहेरील सिमेंटच्या एका टाकीत ठेवावेत व वहाळाच्या काठापासून दूर असावेत. ठरावावर दीड तास वाद झाला. आरोग्य सेवकांचे म्हणणे असे की त्यांना वरून आकडा मागतात, किती ठिकाणी मासे सोडले ते. त्यांनी रकाना कसा भरावा? शंका रास्त होती. शेवटी असे ठरले की देशी मासे सोडलेल्या जागाही त्याच रकान्यात मोजाव्यात व पुढे 'स्थानिक' असा शेरा लिहावा. वरून अजून कोणी हरकत घेतलेली नाही. ज्या कार्यकर्त्यांपुढे हाच रकाना आहे, त्यांना हा मार्ग उपयोगी पडावा.

एक विनंती करून थांबतो. दिवाळीनंतर एखाद्या काळोख्या रात्री आपल्या वहाळाच्या काठी विजेरी घेऊन जावे, झोत पाण्यावर तिरपा धरावा आणि शंभर पावलांत चमकते ठिपके किती दिसतात ते मोजावे. तीच मोजणी त्याच जागी शिमग्याला पुन्हा करावी. दोन्ही आकडे, वहाळाचे नाव आणि आपल्या गावी ह्या माशाला काय म्हणतात ते नाव, एवढे एका कार्डावर लिहून ह्या पत्रिकेच्या पत्त्यावर पाठवावे. नावे जमली की ती येथेच छापू.